बेन-गुरियन आणि उकंडराव

मलकापूर, मंगळवार, १८ जून १९६३

माझ्या हातानं केलेल्या वस्तू, आजच्या तारखेपर्यंत:

पुस्तकं शिवायची चौकट एक, बाभळीची. पुस्तकं दाबायचा शिकंजा एक, सागवानी. त्याचा स्क्रू तेवढा जिनिंगच्या भंगारातला. कागद कापायची सुरी, करवतीच्या पात्यापासून घासून केलेली. पट्ट्या दोन, पैकी एकीवर सुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या, खुणा, त्या मी स्वतः कोरल्या. चिंचोक्याची खळ, मोरचूद घालून, दर आठवड्याला ताजी. पुठ्ठ्याच्या पेट्या एकेचाळीस, कोपरे कापडी. त्या पेट्यांत माझ्या कोशाच्या चिठ्ठ्या, एका नावाला एक, अकरा हजार तीनशे सहा. ही वही.

बायको, गीताबाई, ऐकत होती. म्हणाली, "स्क्रूसाठी भंगारवाल्याशी भांडाले कोन गेलतं? मी. थे बी लिवा." लिहिलं.

यादी करायचं कारण असं की पुण्याच्या एका प्रकाशकांनी माझ्या कोशाबद्दलच्या पत्राला उत्तर दिलं. नमुन्याच्या दहा चिठ्ठ्या आणि 'स्वतःची माहिती' पाठवा म्हणतात. शिक्षणाच्या रकान्यात काय लिहू? मराठी चौथी, साखरखेर्डा. पुढचं सगळं जिल्द बांधता बांधता. बांधायला आलेलं पुस्तक मी वाचल्याशिवाय परत दिलेलं नाही. त्यामुळे गिऱ्हाइकांची उशिराची तक्रार असते, बांधणीची नसते.

कोश कसला, तेही विचारलंय. इंग्रजी पेपरांत परक्या माणसांची, गावांची, नद्यांची नावं येतात. ती म्हणायची कशी, कोणाची, आली कुठून, ते एका जागी मराठीत. मोठमोठे कोश सामान्य शब्द घेतात आणि विशेषनामांना दाराबाहेर बसवतात. अकरा वर्षांपूर्वी मला वाटलं, बाहेर बसलेल्यांचं कोणीतरी करावं.

कालच्या पेपरांत इस्रायलचे पंतप्रधान बेन-गुरियन यांनी राजीनामा दिल्याची बातमी आहे. तीन मराठी पेपर, तीन तऱ्हा. एकानं तर सरळ 'श्री. बेन' लिहिलंय. आपल्याकडे चिठ्ठी आहे, पण अपुरी. नमुन्यात हीच पाठवीन, पक्की करून.

शुक्रवार, २१ जून

पार्सल ऑफिसातले वाकरूळकर दुकानात आले. ते बेने इस्रायल, मूळचे अलिबागेकडचे. धर्मानं यहुदी, बोलणं आपल्यापेक्षा चोख मराठी. दिवाळीनंतर बायकामुलांसह कायमचे इस्रायलला निघालेत. त्यांची एक जुनी प्रार्थनेची पोथी बांधायला दिलीय, मागून पुढे वाचायची. मी आधी उलटीच बांधायला घेतली होती. त्यांनी पाहिलं आणि हसून म्हणाले, "लहाने, आमचा देव शेवटच्या पानावरून सुरू होतो हो."

बेन-गुरियनबद्दल विचारलं. ते म्हणाले, "बेन म्हणजे मुलगा. नुसतं बेन म्हणणं म्हणजे 'अमक्याचा मुलगा' म्हणून अमक्यालाच गाळणं. आणि हे त्यांचं जन्माचं आडनाव नव्हे बरं का. पोलंडात जन्मले तेव्हा ग्र्यून. पुढं तिकडे गेल्यावर स्वतःच बदललं. जुन्या काळच्या यरुशलेममधल्या एका पुढाऱ्याचं नाव घेतलं."

"म्हणजे जगभरच्या इंग्रजी पेपरांत आज जे छापून येतं ते घेतलेलं नाव?"

"घेतलेलंच. तिकडे सरकारी कामातल्या पुष्कळांना घ्यायला लावतात. मलाही एक जण म्हणाला, वाकरूळकर कोण उच्चारणार, काहीतरी सुटसुटीत घ्या."

"घेणार?"

पोथीचा कोपरा दाबून पाहत बसले. "आम्हाला कोकणात शनवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून. त्यातून सुटलो ते गावाच्या नावामुळे. वाकरूळ म्हणजे काय मोठं शहर नाही. पण ते सोडलं तर तिथं मला ओळखेल कोण, आणि इथं तरी कोण?"

लिहून घेतलं. माहिती दोन ठिकाणांहून मिळाल्याशिवाय मी चिठ्ठी पक्की करत नाही, म्हणून मुंबईच्या इस्रायली वकिलातीला पत्र टाकलं.

मंगळवार, २ जुलै

वकिलातीचं उत्तर आलं, टाइप केलेलं. चिठ्ठी पक्की:

'बेन-गुरियन. विशेषनाम, आडनाव. इंग्रजीत जोडरेघेसह, 'बी'खाली शोधावे. हिब्रू. बेन म्हणजे पुत्र. गुरियन याचा अर्थ सिंहाचे पिल्लू असा सांगतात. डेव्हिड बेन-गुरियन, जन्म १८८६, राजकारणी, इस्रायलचे पहिले पंतप्रधान. मूळ आडनाव ग्र्यून; हे आडनाव तरुणपणी स्वतः धारण केले. केवळ 'बेन' लिहू नये.'

एका चिठ्ठीला चौदा दिवस. कोणी म्हणेल फार झाले.

रॉकेलमध्ये भेसळ वाढलीय. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, इंद्रधनुष्यासारखं. दुकानदाराला बोललो. तो म्हणतो बाकी कोणाची तक्रार नाही. बाकीचे दिव्याकडे बघतात कुठं?

शाईही पाणचट. दुसऱ्या दुकानातून आणली, तीही तशीच. हल्ली कोणाला दर्जाचं काही राहिलेलं नाही.

शुक्रवार, १९ जुलै

आज अपमान झाला. शाळेचे रंगराव मास्तर हजेरीचं रजिस्टर घेऊन आले आणि शिकंज्यावर आपटलं.

"लहानेबुवा, हे काय करून ठेवलं? पोरांचे नावंच कापले तुमी! बापाचे नाव राह्यले, पोरं गेले!"

पाहिलं. डावीकडची कड पाऊण इंच जास्त कापली गेली होती. पाऊण इंच! माझ्या हातून एका सुताचा फरक कधी पडलेला नाही. सुरीचं पातं वाकलं असणार. मास्तर म्हणाले, "आता हजेरी घेताना का म्हनू? 'सखाराम याचा कोनीतरी'?" दुकानासमोरचे हमाल हसले.

रजिस्टर नवीन कागदावर उतरवून देतो म्हणालो. अन्नपूर्णा म्हणाली, "बाबा, मी लिहितो." मॅट्रिक झालेली आहे, अक्षर बरं आहे. तरी मी प्रत्येक पान तपासणार.

गीताबाईनं तिपाई दारात आणून ठेवली होती, तिला ठेचकाळलो. म्हणते, तिपाई महिनाभर तिथंच आहे.

मंगळवार, ३० जुलै

पुण्याचं पत्र आलं. तीनदा वाचलं.

कोश छापायचा त्यांचा विचार आहे. दोन खंड. 'असे काम मराठीत दुसरे नाही,' असं स्वच्छ लिहिलंय. हे वाक्य मी पाठ केलं, पण त्याच्या पुढचं वाक्यही पाठ झालं.

'फक्त एक सुचवावेसे वाटते. शीर्षकपृष्ठावर उकंडराव कडूबा लहाने हे नाव इंग्रजीच्या अभ्यासकाला शोभणारे नाही. शाळा-कॉलेजांतून विक्री व्हायची तर त्यावर हसू होऊ नये. उदयराव लहाने असे केल्यास उत्तम. आपणच पाठविलेल्या नोंदीत पहा, एवढा थोर राजकारणी आपले नाव बदलतो आणि तेच इंग्रजीत विशेषनाम म्हणून रूढ होते. मग आपणांस संकोच कशाचा?'

माझी चिठ्ठी माझ्याच गळ्यात.

शुक्रवार, २ ऑगस्ट

उत्तर पाठवलं. जसंच्या तसं उतरवतो.

'माझ्याआधी आईची चार मुले गेली. आमच्या भागात अशा घरी मूल झाले की त्याला उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवतात. ही टाकलेली वस्तू आहे असे समजून यम तिच्याकडे पाहत नाही. म्हणून उकंडा. माझ्या वडिलांचे कडूबा, ते कडू म्हणून यमाने थुंकून टाकावे यासाठी. ही नावे हसण्यासाठी ठेवलेली नाहीत. आईने मला जगवण्यासाठी ठेवलेले नाव मी बदलणार नाही.'

गीताबाई म्हणाली, "उ. क. लहाने लिवा ना मंग. पुन्यावाले सारेच तं तसे लिवतात."

म्हटलं, "अकरा हजार लोकाइचे नावं पुरे लिहिले मी, अन् माह्यंच अर्धं?"

"तुमची माय असती तं म्हनली असती, बदल बाप्पा, जगला ना तू, काम झालं नावाचं."

 तिला या गोष्टीतलं कळत नाही.

शनिवार, १० ऑगस्ट

अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. अन्नपूर्णानं हट्टानं नेलं. मी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेलो.

काचबिंदू. दोन्ही डोळे.

"बाजूची नजर गेलेली आहे. तुमच्या लक्षात आलं नाही?"

म्हटलं, रॉकेलमध्ये भेसळ आहे असं वाटलं.

"आता नळकांड्यातून पाहिल्यासारखं दिसत असणार. गेलेली नजर परत येत नाही. थेंब देतो, उरलेली जितकी टिकेल तितकी."

नळकांड्याचा व्यास किती, ते विचारलं. डॉक्टर हसले, मला वाटतं त्यांना थट्टा वाटली. किती दिवस, ते विचारलं. चार महिने धरा, फार तर सहा.

रविवार, ११ ऑगस्ट

हिशेब सोपा आहे. कोश छापला तर प्रुफं मीच तपासू शकतो. चिठ्ठीवरच्या खुणा, बारीक रेघा, तारे मला एकट्यालाच कळतात. मी तपासली नाहीत तर चुका छापल्या जातील आणि चुकांचा कोश म्हणजे रद्दी. तेव्हा छापायचं ते चार महिन्यांत. नाहीतर नाही.



रविवार, २५ ऑगस्ट

पोळा झाला. मी घराबाहेर पडलो नाही.

दुसऱ्या तीन प्रकाशकांना लिहिलं होतं. एकानं 'विशेषनामांना मागणी नाही' असं कळवलं. एकानं पार्सल न उघडता परत केलं, माझी गाठ तशीच. तिसरा गप्प.

चिठ्ठ्या वर्णानुक्रमानं लावून घेतो आहे, प्रेस-कॉपीसाठी. अन्नपूर्णा वाचते, मी ऐकतो. 'डब्ल्यू'मधल्या एका इंग्लिश गावाचं नाव तिनं वूस्टर वाचलं. मी ओरडलो, डोळे फाडून वाच, सरळ वॉर्सेस्टर आहे. ती म्हणाली, "तुमच्याच चिठ्ठीवर वूस्टर हाय बाबा. खाली लिहेल हाय, उच्चारात फसू नये." चिठ्ठी घेऊन नाकाला लावली. होतं. १९५६ सालचं, माझंच अक्षर. मी थकलो होतो.

चाळीसेक चिठ्ठ्या भलत्याच पेटीत सापडल्या. तिनंच घोळ केला असणार. मी पेट्या चुकवत नाही. बोललो. तिनं काही उत्तर न देता परत लावून ठेवल्या. तिला उत्तर देता येत नाही याचा अर्थ चूक तिचीच.

मोजणीत मात्र सहा जास्त आल्या. अक्षर माझ्यासारखं, दाब हलका. सगळ्या गेल्या दोन महिन्यांतल्या बातम्यांमधल्या. मी केव्हा लिहिल्या आठवत नाही. माहिती अचूक आहे, दोन-दोन आधार दिलेले. नजरेपाठोपाठ आठवणही चालली की काय? 

मंगळवार, ३ सप्टेंबर

आज ओळीची सुरुवात सापडत नव्हती. बोट ठेवून वाचलं. बोटाच्या बाजूचं काहीच दिसत नाही.

पुण्याला पत्र लिहिलं. 'आपली सूचना मान्य. उदयराव असे छापावे. मात्र काम त्वरित सुरू करावे.' तिकीट लावलं. पाकीट शिकंज्यात दाबून ठेवलं. टाकवेना.

उद्या वाकरूळकर पोथी न्यायला आले तर काय तोंड दाखवू? त्यांना मी विचारलं होतं, घेणार का म्हणून.

आईला जाऊन सांगावं तर ती नाही. तरी एकदा साखरखेर्ड्याला जाऊन येतो. त्या उकंड्याच्या जागेवर उभा राहीन, मग पत्र टाकीन. यात काही अर्थ नाही हे मला कळतं.

रविवार, ८ सप्टेंबर

चिखलीला गाडी बदलून गेलो, अन्नपूर्णाला न घेता. उतरताना पायरी चुकली, गुडघा फुटला.

भाऊ पुंजाजी शेतात होता, तिकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "मायनं ठेवलं म्हनतं? मायनं कुठी ठेवलं नाव? पंचफुलामायले इचार. हाय अजून."

पंचफुलाबाई आमच्या घरी अंगण झाडायला यायची. ओसरीच्या खाली बसायची, भाकर पदरात वरून टाकत. एवढंच मला आठवतं. ते लोक आता बौद्ध झालेत. घर मातीचंच, पण आत भिंतीवर दोन तसबिरी, एक बुद्धाची, एक बाबासाहेबांची, दोन्हींना हार. मी दाराशी थांबलो.

"कोन हाय?"

"उकंडा. कडूबा लहान्याचा."

"मंग आत काऊन येत नाही बे? आता बाटत नाही म्हन्ते तुमी लोकं."

आत गेलो. एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा. तिच्या सुनेनं पितळी गडवा भरून पाणी दिलं. प्यालो. म्हातारीचे डोळे माझ्यापेक्षा धड आहेत, ऐंशीच्या वर असावी. माझ्या गुडघ्याकडे बघून म्हणाली, "पडला का? लहानपनीबी असाच होता, वर पाहून चालाचा."

पुस्तकाचं सांगितलं. पुण्याचे लोक नाव बदलायला सांगतात, तेही सांगितलं.

"मंग बदल. माह्यं काय अडलं?"

"आईनं ठेवलेलं नाव आहे, माय."

ती हसली. दात नाहीत, पण हसणं मोठं. "तुह्या मायनं? तिच्या तोंडातून तं शब्द फुटत नव्हता. चार गेल्ते तिचे. तुले सुपात घालून उकंड्यावर ठेवलं अन् मांगं न पाहता गेली. पाह्यचं नसते मांगं. म्या उचललं तुले. बायका इचारे, कोनाचं पोरगं हाय वं? म्या म्हने, उकंड्याचं, उकंडाच हाय ह्या. तीन दिवस माह्या घरी होता तू. पाजलं बी म्या. माह्यं नुकतंच गेल्तं, दूध होतं."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. वहीत लिहून घ्यायला पेन्सिल काढली आणि धरून बसलो.

"मंग चौथ्या रोजी आली तुह्यी माय. पायलीभर जवारी देल्ली अन् इकत घेऊन गेली तुले."

पायली म्हणजे चार शेर. ते मी विचारून पक्कं केलं. म्हणाली, "हो, चार शेर. मापात कमी नाही केली तिनं."

"अन् नाव?"

"पोरगं इकलं म्या. नाव कोठी इकलं? नावाची जवारी कोनं देल्ली मले?" सुनेकडे पाहून पुन्हा हसली. "आता तू इकून राह्यला पुन्याले. मंग अर्धं माह्यं हाय, आनून दे."

मीही हसलो. मग उगाच विचारलं, तुझी किती मुलं?

"पाच. एक भाऊराव राह्यला."

त्यांना नव्हतं ठेवलं उकंड्यावर? असं माझ्या तोंडून निघून गेलं.

 सून चुलीकडे वळली. म्हातारी म्हणाली, "थ्याइले काय ठेवाचं बाप्पा? आमचं घरच उकंड्याच्या बाजूनं होतं. तुमच्या पोराइले यम तिथं पाहत नव्हता. माह्ये पोरं त्याले बराबर दिसत."

यापुढचं काही मला नीट आठवत नाही. निघताना ती म्हणाली, "येत जा बे उकंडा." मला त्या नावानं हाक मारणारं तिच्या वयाचं आता दुसरं कोणी नाही.

घरी आलो तो शिकंजा रिकामा. गीताबाई म्हणाली, "टाकलं म्या डाकेच्या पेटीत. तिकीट लावलं पत्र घरात कायले ठेवता? तुमच्यानं टाकनं होत नव्हतं म्हनून टाकलं."

तिला काय बोलू? चूक तिची नाही, पत्र मीच लिहिलं होतं. रद्दचं पत्र लिहायला बसलो. तीन कागद वाया गेले, ओळी एकमेकींवर चढल्या. अन्नपूर्णाला सांगितलं. तिनं विचारलं, "कारण काय लिहू?" म्हटलं, कारण नको, मान्यता रद्द एवढंच लिही आणि सकाळच्या टपालात टाक.

बुधवार, १८ सप्टेंबर

(बाबा सांगतात, मी लिहिते आहे. थेंब घालूनही त्यांना आजपासून वहीच्या रेघा दिसत नाहीत. एक शब्द बदलायचा नाही अशी ताकीद आहे. अन्नपूर्णा.)

आज सकाळच्या गाडीनं पुण्याहून प्रकाशकांचे गृहस्थ आले, नाव महादेवराव. अन्नपूर्णा त्यांना घ्यायला स्टेशनवर गेली होती. आमचं रद्दचं पत्र त्यांना मिळालं नव्हतं, मान्यतेचं मिळालं होतं. करारपत्र आणि पैसे घेऊन आले. पेट्या उघडून पाहिल्या. माणूस जाणकार आहे. तासभर चिठ्ठ्या काढून वाचत होता आणि मधून मधून 'अरे वा' म्हणत होता. दोन ठिकाणी त्यानं शंका काढल्या, दोन्ही रास्त होत्या.

मग करारपत्र माझ्यासमोर ठेवलं. मी अन्नपूर्णाला वाचायला सांगितलं. शीर्षकपृष्ठाच्या कलमापाशी ती थांबली. मी म्हटलं, वाच. तिनं वाचलं.

मी म्हणालो, हे नाव मला देता येणार नाही.

महादेवराव म्हणाले, "अहो, पण आपलं पत्र आहे माझ्या खिशात! आपल्या सहीचं."

"सही माझी आहे. नाव माझं नाही."

"म्हणजे काय?"

पंचफुलाबाईंचं सगळं सांगितलं, जवारीसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकलं. चांगला माणूस आहे, ऐकताना घड्याळ पाहिलं नाही. मग म्हणाले, "लहाने, हे फार हृद्य आहे. प्रस्तावनेत घाला की! पण मुखपृष्ठ हे दुकान असतं हो. आणि बेन-गुरियनचं उदाहरण आपणच दिलंत."

"त्यांनी पुढच्यासाठी स्वतःच नाव घेतलं. त्यांच्याकडे कोणाचं देणं परत करायचं राहिलं नव्हतं. मी तीन दिवस ज्या घरचं दूध प्यालो, त्या घरात पाणी प्यायला एकोणपन्नास वर्षं लावली. आता त्यांनी दिलेलं तेवढंच माझ्याजवळ आहे, तेही तुम्ही हसू होतं म्हणून काढायला सांगता."

मग मीच मागणी घातली. नाव पूर्ण छापा, आणि पहिल्या पानावर 'नाव ठेवणारी: पंचफुलाबाई, साखरखेर्डा' एवढी ओळ. पैसे अर्धे द्या, चालेल.

ते म्हणाले, मालकांना विचारून आलोय, ते बदलणार नाहीत. आणि मग हळू आवाजात, "तुमच्या डोळ्यांचं मुलीनं स्टेशनवर सांगितलं मला. आता हातचं सोडलंत तर हे काम कोण वाचणार? पुढच्या वर्षी तुम्हाला प्रुफं दिसणार नाहीत."

ते मला ठाऊक आहे, म्हणालो.

गीताबाई आतून बाहेर आली. एरवी शहरी पाहुण्यासमोर येत नाही. म्हणाली, "घ्या ना हो. काय पायजे तुमाले? दोन अक्षरं हायेत. आंधळ्या मानसाले नाव काय अन् गाव काय!" आणि रडली. मी तिला गप्प केलं नाही. तिचं खरं आहे. 

(इथं बाबांनी 'लिहिलं का' असं दोनदा विचारलं. अ.)

महादेवराव दुपारच्या गाडीनं गेले. जाताना पेट्यांवरून हात फिरवला. म्हणाले, बांधणी सुंदर आहे.

आता पुढचं स्पष्ट लिही. नंतर कोणी म्हणायला नको की उकंडरावाला काही मिळतच नव्हतं आणि तो उगाच ताठ्यात राहिला. मिळत होतं. जे नाकारलं ते असं: विशेषनामांचा संपूर्ण कोश, दोन खंड, पक्की कापडी बांधणी. छपाई लगेच सुरू, पहिले छापील फर्मे दिवाळीपर्यंत हातात, म्हणजे मला जाड अक्षर तरी दिसत असेपर्यंत. चिठ्ठ्यांतला एक शब्द गाळणार नव्हते, बेन-गुरियनची चिठ्ठी जशीच्या तशी. बदल एकच, उकंडरावच्या जागी उदयराव. मोबदला सही होताच, रोख. पुडकं त्यांनी माझ्या हातात दिलं होतं, मी परत दिलं. नोटा कोऱ्या होत्या, हाताला कळलं. रक्कम मला दिसली नाही, महादेवरावांनी मोठ्यानं मोजून दाखवली आणि अन्नपूर्णानं ताळा पाहिला: रुपये ३,२००, अक्षरी तीन हजार दोनशे फक्त.